‘विषयाला धरून बोला’



ऑगस्ट-सप्टेंबर आला की आपल्या उपनगरांतील सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर एक कागद लागतो. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना. कायद्याप्रमाणे ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून सगळीकडे एकच घाई असते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, ताळेबंद मंजूर करणे, हिशेबतपासनीस नेमणे, दुरुस्तीचा खर्च, आणि सर्वांत शेवटी एक ठरलेली ओळ: ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. ही ओळ आपण कधी नीट वाचत नाही. आज तिच्याविषयीच थोडे बोलायचे आहे.

आम्ही राहतो त्या बोरिवलीतील सोसायटीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी गच्चीवर सभा भरली होती. इमारतीला बाहेरून प्लास्टर आणि रंग लावायचा होता, दोन ठेकेदारांची दरपत्रके आली होती, आणि त्यावर जोरात चर्चा चालली होती. मध्येच तळमजल्यावरचे एक वृद्ध काका उठले. म्हणाले, “प्रवेशद्वाराच्या पाच पायऱ्यांना कठडा नाही. आमच्या मंडळींना धरायला काही नसल्यामुळे उतरता येत नाही. त्या घरातच बसून असतात.” चेअरमन चांगले गृहस्थ आहेत. ते नम्रपणे म्हणाले, “काका, आता विषयाला धरून बोला. तुमचे शेवटी घेऊ.” आम्ही सर्वांनी मान डोलावली. आम्हीसुद्धा.

शेवट आला तेव्हा साडेनऊ वाजले होते. निम्मे लोक खाली उतरले होते, उरलेले सामोशांच्या खोक्याभोवती होते. “पुढच्या सभेत बघू,” असे कोणीतरी म्हणाले. पुढच्या वर्षी तसेच झाले. त्याच्या पुढच्या वर्षीही तसेच. चौथ्या वर्षी काका सभेला आलेच नाहीत. इमारतीला रंग लागला, तो छान दिसतो. पायऱ्या मात्र तशाच आहेत.

आता याच नाण्याची दुसरी बाजू पाहू या. आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक विभागाचा हल्ली मोबाइलवर एक ग्रुप आहे. तो कशासाठी सुरू केला? मिस्साची वेळ बदलली, कोणी आजारी आहे, कोणाला रक्त हवे आहे, कोणाच्या घरी मयत झाली, हे सर्वांना लगेच कळावे म्हणून. प्रत्यक्षात काय होते, हे आपण सगळे जाणतो. पहाटेपासून फुलांची चित्रे आणि सुप्रभात, मग विनोद, मग कोण्या पुढाऱ्याची चित्रफीत, मग घरगुती लोणच्याची जाहिरात, मग त्या पुढाऱ्यावरून दोघांचे भांडण. या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी दफनविधीची वेळ कळवलेली असते. संध्याकाळी कोणीतरी ती वाचतो आणि हळहळतो. अशा वेळी “कृपया ग्रुपच्या विषयाला धरून लिहा” असे कोणी सुचवले, तर लगेच उत्तर येते, “आम्हाला आमचे मत मांडण्याचे स्वातंत्र्य नाही काय?”

वाक्य तेच आहे: ‘विषयाला धरून बोला’. एका ठिकाणी त्या वाक्याने एका वृद्ध माणसाचे तोंड बंद केले. दुसऱ्या ठिकाणी ते कोणी ऐकले नाही, म्हणून एका कुटुंबाच्या दुःखाची बातमी शेजाऱ्यांपर्यंत वेळेवर पोहोचली नाही. मग हे वाक्य चांगले की वाईट? बोलण्याचे स्वातंत्र्य मोठे की सभेची शिस्त मोठी?

हा प्रश्न फक्त गच्चीवरचा नाही. याच मुंबईत मोठ्या व्यासपीठावरही तो उभा राहिलेला आपण पाहिला आहे. ८ फेब्रुवारी २०१९ रोजी फोर्ट भागातील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या चित्रांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन होते. बरवे १९९५ साली निवर्तले. ‘कोरा कॅनव्हास’ या त्यांच्या पुस्तकामुळे मराठी वाचकही त्यांना ओळखतात. त्या दिवशीच्या वक्त्यांत अमोल पालेकर होते. पडद्यावरचा साधाभोळा मध्यमवर्गीय नायक म्हणून ते आपल्या परिचयाचे आहेत, पण मुळात ते जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले चित्रकार आहेत. आपल्या भाषणात त्यांनी त्या संग्रहालयाचाच विषय काढला. मुंबई आणि बंगळुरू येथील केंद्रांच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बंद झाल्या आहेत, आणि यापुढे कोणती प्रदर्शने भरवायची हे दिल्लीतील मंत्रालय ठरवणार, असे आपल्याला कळले आहे, असे सांगून त्यांनी त्याविषयी चिंता व्यक्त केली. तेवढ्यात आयोजकांपैकी काहींनी त्यांना मध्येच थांबवले. प्रदर्शनाविषयी बोला, असे त्यांना सांगण्यात आले. आपल्या बोलण्यावर बंधन घातले जात आहे काय, असे पालेकरांनी विचारले. त्याच वर्षीच्या जानेवारीत यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण ऐन वेळी मागे घेण्यात आले होते, त्याचीही आठवण त्यांनी करून दिली. शेवटी भाषण अर्धवट सोडून ते बसले.

पालेकरांची माहिती किंवा त्यांचे मत बरोबर होते की नाही, हा आपला आजचा प्रश्न नाही. आयोजकांनाही आपली बाजू होती. एका दिवंगत कलावंताच्या सन्मानाची ती संध्याकाळ होती. त्याचे चाहते आणि स्नेही जमले होते. अशा वेळी कोणीही उठून आपले गाऱ्हाणे मांडू लागला तर कार्यक्रमाचे काय होईल? ही चिंता खोटी नाही. आपल्या घरच्या लग्नात कोणी जमिनीच्या वादावर भाषण करू लागला, तर आपणही त्याला हाताला धरून बाजूला नेऊ.

पण येथे एक फरक आहे. पालेकर परक्या विषयावर बोलत नव्हते. ज्या भिंतींवर बरव्यांची चित्रे टांगली होती, त्या भिंतींवर उद्या काय लागेल आणि ते कोण ठरवील, याविषयी ते बोलत होते. आणि ज्या व्यवस्थेविषयी प्रश्न होता, त्या व्यवस्थेच्याच व्यासपीठावरून ‘विषयाला धरून बोला’ असे सांगितले गेले. म्हणून ते वाक्य ऐकणाऱ्यांना शिस्तीचे वाटले नाही, तोंडावर ठेवलेल्या हातासारखे वाटले. ती वास्तूही लक्षात घेण्यासारखी आहे. १९९६ साली तेथे कला संग्रहालय आले. त्याआधी ते १९११ साली बांधलेले सर कावसजी जहांगीर सभागृह होते. सार्वजनिक सभांसाठीच ते बांधले होते.

याहून जुना एक प्रसंग आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल. १९७५ साली जूनमध्ये देशात आणीबाणी लागू झाली. वर्तमानपत्रांवर बंधने आली, विरोधी नेते तुरुंगात गेले. त्याच वर्षअखेरीस कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत होत्या, आणि स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्या वेळचे केंद्रीय मंत्री. नुकतीच अटकेतून सुटका झालेले जयप्रकाश नारायण तेव्हा गंभीर आजारी होते. त्यांना आरोग्य लाभावे म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी, असे आवाहन दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून केले. संमेलन साहित्याचे. त्याच्या विषयपत्रिकेत एका आजारी राजकीय नेत्यासाठी प्रार्थना कशी बसावी? कागदावर पाहिले तर ते विषयाबाहेरचेच होते. पण जिथे लेखकाला लिहिण्याचीच मोकळीक उरलेली नाही, तिथे साहित्यावर बोलताना त्या एका गोष्टीविषयी गप्प राहणे हेच खरे विषय सोडून बोलणे झाले असते. पुढे दुर्गाबाईंना तुरुंगात जावे लागले. त्या संमेलनातील परिसंवाद आज किती जणांना आठवतात? ती प्रार्थना मात्र आठवते.

म्हणजे मग ज्याला वाटेल त्याने, वाटेल तिथे, वाटेल ते बोलावे काय? तसेही नाही. आपल्या राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला भाषणाचे आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि त्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतील, तेही तिथेच सांगितले आहे. पण हे स्वातंत्र्य मुख्यतः सत्तेपासून आपले रक्षण करते. शेजाऱ्याने आपले बोलणे, आपल्याला हवे तेव्हा, हवा तितका वेळ ऐकलेच पाहिजे, असे त्यात कुठेही नाही. आपल्याला जीभ मिळाली आहे. दुसऱ्याचे कान ही त्याची मालमत्ता आहे.

एक साधा हिशेब करून पाहू. सभेला साठ माणसे बसली आहेत, आणि एक जण दहा मिनिटे आपल्या वैयक्तिक तक्रारीवर बोलतो. त्याची दहाच मिनिटे गेली, पण सभेची सहाशे मिनिटे गेली. म्हणजे दहा तास. हे तास कोणाचे असतात? कामावरून थेट आलेल्या बाईचे, दुसऱ्या पाळीला जायचे आहे त्या माणसाचे. सर्वांत जास्त नुकसान होते ते कमी बोलणाऱ्याचे. ज्याचा आवाज मोठा, त्याला नियम नसला तरी चालते. नियमाची गरज असते ती हात वर करून वाट पाहणाऱ्याला. म्हणून विषयपत्रिका ही मुळात दुबळ्याच्या बाजूची गोष्ट आहे, हे विसरता कामा नये.

मोबाइलच्या ग्रुपवर तर ही जबाबदारी अधिकच प्रत्येकावर येते. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका प्रकरणात स्पष्ट केले की, ग्रुप चालवणारा माणूस सभासदाला घेऊ शकतो किंवा काढू शकतो. पण सभासद काय लिहितो यावर त्याचा आधीपासून ताबा नसतो. म्हणून, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत असल्याशिवाय, सभासदाच्या मजकुरासाठी त्याला दोषी धरता येत नाही. याचा अर्थ आपल्यासाठी साधा आहे. विभागाचा ग्रुप सांभाळणारी ती बिचारी ताई आपली राखण करू शकत नाही. आपल्या बोटांची राखण आपणच करायची आहे.

मग ‘विषयाला धरून बोला’ हे वाक्य केव्हा न्यायाचे असते आणि केव्हा अन्यायाचे? आम्हाला असे वाटते की, हे वाक्य उच्चारण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे काय? चेअरमनच्या मित्राने क्रिकेटची गोष्ट काढली तेव्हा आपण हसलो, आणि काकांनी पायऱ्यांची गोष्ट काढली तेव्हा आपल्याला विषयपत्रिका आठवली, तर तो नियम राहिला नाही, ते निमित्त झाले.

दुसरा प्रश्न: ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे, तोच ते थांबवत आहे काय? स्वतःवरचा प्रश्न विषयाबाहेरचा ठरवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. अध्यक्षाला होतो, मंत्र्याला होतो, घरातल्या बापालाही होतो. मुलाने “बाबा, तुम्ही आईशी असे का बोलता?” असे विचारले की आपण म्हणतो, “तू आधी अभ्यासाचे बघ.” हेही ‘विषयाला धरून बोला’च आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: इथे नाही, तर मग कुठे आणि केव्हा? एक दार बंद करणाऱ्याने दुसरे दार दाखवले पाहिजे. ‘शेवटी घेऊ’ असे म्हणून जर तो शेवट कधीच येणार नसेल, तर आपण शिस्त पाळली नाही, फसवणूक केली.

आपल्या सार्वजनिक जीवनात असे दुसरे दार ठेवण्याची रीत आहे. संसदेत प्रश्नोत्तरांचा तास असतो, कामकाजाची यादी असते. पण यादीत नसलेला, तरी तातडीचा प्रश्न लोकप्रतिनिधीने कुठे मांडायचा? त्यासाठी १९६०च्या दशकात ‘शून्य प्रहर’ रूढ झाला. गंमत म्हणजे सभागृहाच्या नियमपुस्तकात या प्रहराचे नाव नाही. गरजेतून तो निर्माण झाला आणि टिकला. आपल्या विधिमंडळात सदस्य ‘औचित्याचा मुद्दा’ मांडतात, तोही याच जातीचा. आणि आपल्या सोसायटीच्या कागदावरची ती शेवटची ओळ, ‘आयत्या वेळी येणारे विषय’, म्हणजे आपला शून्य प्रहरच. फक्त संसदेत तो दुपारी बाराच्या सुमारास रूढ झाला, सभागृह भरलेले असताना; आपण तो रात्री साडेनऊ वाजता, रिकाम्या खुर्च्यांसमोर ठेवतो.

शुभवर्तमानात या प्रश्नावर दोन बोलके प्रसंग आहेत. लूकच्या बाराव्या अध्यायात हजारोंची गर्दी जमली आहे, लोक एकमेकांच्या पायांवर पाय देत आहेत, आणि प्रभू येशू शिष्यांना निर्भयपणे साक्ष देण्याविषयी गंभीर शिकवण देत आहे. मध्येच एक माणूस उठून सांगतो की, माझ्या भावाला वडिलोपार्जित मालमत्तेतला माझा वाटा द्यायला सांगा. याहून विषय सोडून बोलणे कोणते? आपल्या गावठाणांतल्या वाटण्या ठाऊक असणाऱ्यांना हा माणूस अगदी ओळखीचा वाटेल. प्रभू काय करतो? तुमचा न्यायनिवाडा करायला मला कोणी नेमले, असे विचारून तो त्या वादात शिरण्याचे स्पष्टपणे नाकारतो. पण त्या माणसाला हाकलत नाही. त्याच्या बोलण्यात सर्वांच्या उपयोगाचे जे होते, म्हणजे लोभ, ते उचलतो आणि त्यावरून कोठारे मोठी करणाऱ्या मूर्ख धनवानाचा दाखला देतो. सभा भरकटली नाही, आणि माणूसही रिकाम्या हाताने गेला नाही.

दुसरा प्रसंग यरीहोच्या वाटेवरचा. आंधळा बार्तिमय ओरडतो, आणि पुष्कळ लोक त्याला गप्प राहायला दटावतात. ते लोक दुष्ट नव्हते. त्यांना पुढे जायचे होते, आणि हा माणूस मिरवणुकीच्या विषयात बसत नव्हता. पण प्रभू थांबतो, आणि ज्यांनी त्याला दटावले त्या लोकांनाच त्याला बोलवायला सांगतो. लोकांना जो व्यत्यय वाटला, तोच प्रभूसाठी त्या क्षणाचा विषय होता.

या दोन प्रसंगांत विरोध नाही. पहिल्याला वाटा हवा होता, दुसऱ्याला दृष्टी. प्रत्येक वेळी प्रभूने आधी ऐकले आणि मग ठरवले. आपण बहुधा आधी ठरवतो, आणि मग ऐकायची गरजच उरत नाही.

बोलणाऱ्यानेही स्वतःला तपासावे. मी आत्ता हे बोललो नाही तर कोणाचे नुकसान होईल, की फक्त माझी हौस राहील? ज्याला हे सांगायला हवे तो माणूस इथे आहे काय, की तो नाही म्हणूनच मला इथे बोलायचा धीर येतो? माझ्या बोलण्याखाली दुसऱ्या कोणाची निकड दबते आहे काय? सुप्रभातचे चित्र पाठवण्यात पाप नाही. पण त्याच्या खाली कोणाची मयत झाकली गेली, तर ते प्रेमाचे काम राहत नाही. आणि ज्याच्यापाशी खरोखर पायऱ्यांसारखा प्रश्न आहे, त्याने मात्र एकदा गप्प केले म्हणून कायमचे गप्प बसू नये. स्वतःचे म्हणणे लेखी द्यावे, नोंद करायला सांगावी, दोन शेजाऱ्यांना सोबत घ्यावे. विषयपत्रिकेत शिरण्याचा तो सरळ मार्ग आहे.

यंदाच्या सभांसाठी एक छोटी सूचना करावीशी वाटते. ‘आयत्या वेळी येणारे विषय’ शेवटी न ठेवता सुरुवातीची पंधरा मिनिटे त्यांना द्यावीत. प्रत्येकाला दोन मिनिटे, घड्याळ लावून. ज्याचा निकाल तिथे लागणार नाही, त्याची तारीख आणि जबाबदार माणूस तिथेच लिहून घ्यावा. विभागाच्या ग्रुपवर निरोप एकीकडे आणि गप्पा दुसरीकडे, असे दोन ग्रुप करायला किती वेळ लागतो? आणि कोणाला ‘इथे नको’ असे म्हणायची वेळ आलीच, तर त्याच वाक्यात ‘अमुक ठिकाणी, अमुक दिवशी’ एवढे जोडावे.

आम्ही स्वतः मात्र सभेची वाट पाहणार नाही. त्या दिवशी मान डोलावणाऱ्यांत आम्हीही होतो. आज मिस्सानंतर घरी जाताना तळमजल्यावरचे एक दार वाजवायचे आहे, आणि कठडा किती लांबीचा लागेल ते विचारायचे आहे.